देवाच्या वाट्याची खडी

रास मोजण्याची विद्या मी श्रीवर्धनला शिकलो. माझ्या गुरुजींची पाठशाळा एका सुपारीच्या वाडीत होती. वाळत घातलेली सुपारी दुपारी अंगणात गोळा केली जाई, तेव्हा गुरुजी एखाद्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणत, "हात न लावता सांग, यात किती आहे." जुन्या गणितात धान्याच्या राशीसाठी एक विधी सांगितलेला आहे. राशीच्या पायाभोवती दोरी फिरवून तिचा घेर घ्यावा. त्या घेराचा सहावा भाग काढून त्याला त्यानेच गुणावे. आलेल्या संख्येस राशीच्या उंचीने गुणावे, म्हणजे राशीचे घनफळ मिळते. रास भिंतीला टेकलेली असेल तर ती अर्धीच आहे असे समजून घेर दुप्पट धरावा आणि शेवटी फळ निम्मे करावे. मला या विधीत एक प्रकारचे सौजन्य दिसे. धान्य विस्कटायचे नाही, त्यात माप खुपसायचे नाही. देवाला प्रदक्षिणा घालावी तसे राशीभोवती एकदा शांतपणे फिरून यायचे, आणि तिने आपले परिमाण आपण होऊन सांगायचे.

ही विद्या पुढे दगडाच्या खडीसाठी वापरावी लागेल असे गुरुजींनाही वाटले नसेल.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती. मी पाठशाळा संपवून गावी परतलो होतो. आमचे गाव म्हसळ्याच्या बाजूस आत शिरलेल्या खाडीच्या काठावर. वडिलांच्या पश्चात देवळातली पूजा माझ्याकडे आली होती. गावाच्या खालच्या अंगाला भाताची खारी जमीन होती. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून फार पूर्वी कोणीतरी खाडीच्या कडेने मातीचा लांब बांध घातला होता, आणि त्या बांधाच्या भरवशावर गाव जेवत होते. बांधाच्या मध्यावर शेंदूर लावलेला एक उभा दगड होता. तो बांधाचा राखणदार. पेरणीच्या आधी त्याला नारळ दिल्याशिवाय कोणी शेतात पाय टाकीत नसे.

बांधाच्या अगदी पायथ्याशी ज्याची शेते होती तो कुणबी माझ्याच वयाचा. गावात सगळे त्याला दादा म्हणत, मीही म्हणे. त्याची सारी जमीन तेवढीच. वरकस नाही, डोंगरउताराला एखादा तुकडा नाही. दरवर्षी नवे भात निघाले की पहिले सूपभर तांदूळ तो देवळात आणून देई. देवाचा नवान्नाचा नैवेद्य त्याच्याच तांदळाचा होई. तांबूस, जाड दाण्याचा तो तांदूळ शिजताना देऊळभर वास सुटे. त्याच्या जमिनीबद्दल मला जी आस्था होती तिच्यात हा वासही आहे, हे मी नाकारीत नाही.

त्या वर्षी चैत्रातल्या अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. अशा भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड नेमकी दादाच्या शेतासमोर पडली.

एकदा शिरलेले खारे पाणी ही मोठी आपत्ती नव्हे. पावसाळा ते धुऊन नेतो. परंतु पावसापूर्वी खांड बुजली नाही, तर पावसाचे गोडे पाणी ओहोटीबरोबर निघून जाते आणि भरतीबरोबर खारे पाणी पुन्हा आत येऊन बसते. मग जमीन वर्षानुवर्षे नापीक होते. दादाला हे कोणी सांगायला नको होते. दुसऱ्याच दिवशी सारे गाव चिकणमाती, पेंढा आणि तिवराच्या लाकडाच्या मेढी घेऊन बांधावर गेले. लहान खांडी आम्ही नेहमी अशाच बुजवीत असू. पण ही खांड रुंद होती. दिवसभर घातलेली माती भरतीचे पाणी ताकासारखी घुसळून घेऊन जाई.

तेव्हा तालुक्याला अर्ज झाला, आणि आश्चर्य असे की सरकारने दाद घेतली. मोठे दगड गावाने डोंगरातून आणावेत, त्यांच्या फटी भरायला खडी सरकार देईल आणि वरून मातीचा लेप गावाने द्यावा, असे ठरले. खडी मुरुडच्या बाजूने मचव्यातून, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीतून, यायची होती.

मचव्याचा नाखवा वयस्क मुसलमान होता. त्याची पांढरी दाढी वाऱ्यावर नेहमी एका बाजूला झुकलेली असे. तो खडी घनफुटांत मोजीत नसे, वजनात मोजीत असे, आणि वजन तो मचव्याच्या अंगावर वाचीत असे. पाण्याच्या वर किती फळ्या उघड्या राहिल्या यावरून आत किती खंडी माल आहे ते सांगे. एकदा मी काठावर उभा राहून ते निरखीत होतो, तेव्हा तो ओरडून म्हणाला, "भटजी, मचव्याकडे असं टक लावून बघू नका. तुमच्या नजरेचं वजन धरलेलं न्हाय मी."

"माझी नजर हलकी आहे, नाखवा."

"पोट बघून तसं वाटत न्हाय," तो म्हणाला, आणि खडी उतरवणाऱ्या बायका मनसोक्त हसल्या.

खडी उतरवायला दादाची बायको सगळ्यांच्या पुढे होती. घमेली डोक्यावरून बांधावर जात आणि रिकामी होत, आणि ती मोठ्याने मोजणी म्हणे. येथे आमच्या गावाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात, आणि मग दोन, तीन असे पुढे जातात. आणि मोजणी चालू असताना अधूनमधून एक माप वेगळे टाकतात. ते देवाचे. ते मोजणीत धरीत नाहीत आणि घरातही नेत नाहीत. खडी ही काही धान्य नव्हे. पण डोक्यावरून माल उतरवायचा आणि रास घालायची म्हटल्यावर बायकांच्या तोंडून 'लाभ' आपोआप निघाला, आणि लाभ निघाल्यावर देवाचे मापही आपोआप वेगळे पडू लागले. राखणदाराच्या दगडाशेजारी खडीचा एक लहानसा ढीग तयार झाला. कोणी तसे ठरवले नव्हते. कोणाला त्यात विशेष काही वाटलेही नाही.

नाखव्याला मात्र गंमत वाटली. "देव खडी खातो तुमचा?"

"त्याचा बांध हाय, त्याला लागंल ती," दादाची बायको म्हणाली. "तुमच्या मचव्याला नजर लागू नये म्हनून तुम्ही लिंबू बांधलाय न्हवं नाळेला? तो कोन खातो?"

नाखवा दाढीतल्या दाढीत हसला आणि मचव्याच्या पुढच्या टोकाला लोंबणाऱ्या लिंबाकडे बघायला लागला.

खडीचे दोन मोठे ढीग झाले. एक उघड्यावर, बांधाच्या सपाट जागी. दुसरा बांधाच्या जुन्या दगडी पुस्तीला, म्हणजे आधाराच्या भिंतीला, टेकून. वैशाख वद्य अष्टमी जवळ आली होती. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी मंद होते, पाण्याचा जोर कमी असतो. खांड बुजवायची तर त्याच वेळी. त्यानंतरची भांग ज्येष्ठात, आणि ज्येष्ठात आमच्याकडे आभाळ खाली आलेले असते. पंचांग माझ्याकडे असल्यामुळे दादा रोज येऊन विचारी, "भटजी, अष्टमी कधी?" उत्तर त्याला ठाऊक असे, तरी विचारी.

अडचण एकच राहिली होती. खडी मोजल्याशिवाय पाण्यात टाकायची नाही असा सरकारी नियम होता, आणि मोजणारा ओव्हरसियर अष्टमीच्या अगदी आदल्या दिवशी आला.

ओव्हरसियर देशावरचा, तरुण, सडपातळ गृहस्थ होता. बोलणे मऊ. बूट चिखलात रुतून बसल्यामुळे तो एक बूट हातात घेऊन बांधावर चढला. दोन्ही ढिगांभोवती फिरला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे चट्टे नाहीत," तो म्हणाला. "खडी चौकोनी चट्ट्यात रचायची असते. लांबी, रुंदी, उंची. मग मला मोजता येते. असे ढीग मी कसे मोजू?"

"रचायला किती वेळ लागेल?" मी विचारले.

"एवढी माणसे लावली तरी दोन-तीन दिवस."

दादा तिथेच उभा होता. त्याने पाण्याकडे पाहिले. ओहोटी लागली होती आणि खांडीतून पाणी अगदी सावकाश, एखाद्या घरच्या माणसासारखे बाहेर चालले होते.

"साहेब, उद्या आम्ही टाकतो. तुम्ही मग मोजा," कोणी तरी मागून म्हणाले.

"पाण्यात गेलेला दगड मला मोजता येत नाही हो," ओव्हरसियर म्हणाला. त्याच्या स्वरात अरेरावी नव्हती. तो आमच्याइतकाच अडकला होता.

तेव्हा मी त्याला राशीचा विधी सांगितला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "गुरुजी, हा नियम धान्याचा आहे."

"रास कशाचीही असो, साहेब. धान्याची तर उंचीसुद्धा मोजावी लागत नाही, जाड धान्याची उंची घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी येतेच. खडीला कोन असतात, ती एकमेकीला धरून उभट राहते. म्हणून उंची तेवढी प्रत्यक्ष मोजू."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "करून पाहू."

उघड्यावरच्या ढिगाचा घेर साठ फूट भरला. त्याचा सहावा भाग दहा. दहा गुणिले दहा शंभर. दोन बांबू उभे करून शेंड्याच्या उंचीला दोरी ताणली, ती सात फूट आली. म्हणजे सातशे घनफूट. शंभर घनफुटांच्या मापाला खडीच्या व्यवहारात ब्रास म्हणतात. तेव्हा सात ब्रास. पुस्तीला टेकलेल्या ढिगाचा अर्धा घेर दुप्पट करून, फळ निम्मे करून तोही सांगितला. ओव्हरसियरने पडताळ्यासाठी एक छोटा ढीग घालायला लावला, दोरीने मोजला आणि मग एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल अशा लाकडी पेटीने तोच ढीग पुन्हा मोजला. माझे उत्तर पेटीपेक्षा किंचित अधिक निघाले. त्याने तेवढी तूट धरली आणि म्हणाला, "चालेल. मी लिहून देतो." बांधावर जो सुस्कारा उठला तो मला अजून ऐकू येतो.

त्यानंतर त्याने जे केले ते नियमासाठी नव्हते, बहुधा मला दाखवण्यासाठी होते. खडीने काठोकाठ भरलेली ती पेटी त्याने तशीच ठेवली आणि दादाच्या बायकोकडून पाण्याची कळशी मागून घेतली. "बघा, गुरुजी." तो पाणी ओतू लागला. भरलेली पेटी पाणी पीत राहिली. कळशीतले बरेचसे पाणी आत गेले तरी पेटीच्या बाहेर थेंब आला नाही. फळ्यांच्या सांधी आधीच भिजून फुगलेल्या असाव्यात. "आपण जे मोजतो," तो म्हणाला, "त्यातला तिसरा भाग तरी नुसती पोकळी असते."

मी हात जोडले असावेत, कारण तो संकोचला. पण मला खरोखरच तसे वाटले होते. इतकी वर्षे मी राशी मोजल्या होत्या, आणि त्या राशींत धान्याबरोबर मी आकाशही मोजीत होतो हे मला त्या दुपारी कळले.

निघताना राखणदाराशेजारचा लहान ढीग त्याला दिसला. "हा कोणाचा?"

"देवाचा," दादा म्हणाला.

"हाही मोजायचा ना?"

"न्हाय साहेब. देवाचं मोजत न्हाईत."

ओव्हरसियरने माझ्याकडे पाहिले. त्याने तो ढीग तसाच राहू दिला.

खांडीची लांबी, रुंदी आणि खोली आम्ही दोघांनी मिळून ओहोटीला मोजली. खड्ड्याचे घनफळ काढण्याचा विधी राशीपेक्षा सोपा आहे. तोंडाचे आणि तळाचे माप घेऊन मधले धरायचे. गावाने डोंगरातून आणून ठेवलेला दगड आणि मोजलेली खडी मिळून खांड भरून वर उरेल असे उत्तर आले. ओव्हरसियरने आपल्या रीतीने हिशेब केला, तोही जुळला. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येणे यापेक्षा मोठे आश्वासन मला तेव्हा माहीत नव्हते.

अष्टमीला पहाटे मी देवाला अभिषेक केला आणि तीर्थाचा तांब्या घेऊन बांधावर गेलो. ओहोटी लागताच काम सुरू झाले. माणसांची रांग लागली. मोठे दगड आधी गेले. प्रत्येक दगडाबरोबर चिखलाचा एक बुडबुडा वर येई आणि फुटे. मग खडी. नाखवा आपला मचवा अलीकडे लावून आपल्या माणसांसह रांगेत उभा राहिला होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. बायका 'लाभ' म्हणत होत्या. दुपारपूर्वी दगड पाण्याच्या वर दिसू लागले. मुलांनी आरोळी ठोकली. दादा खांडीच्या मधोमध त्या नव्या दगडांवर चढून उभा राहिला, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याने आपल्या शेतावरून नजर फिरवली.

मग त्याने पायाकडे पाहिले. पायाला पाणी लागत होते.

"भरती लागली?" त्याने विचारले.

"अजून नाही," मी म्हणालो. पाणी चढत नव्हते. दगड उतरत होते.

ओव्हरसियरने लांब बांबू मागवला आणि ठिकठिकाणी खुपसून पाहू लागला. काल जिथे तळ लागला होता तिथे आज लागत नव्हता. आम्ही मोजला होता तो पाण्याचा तळ. त्याच्या खाली चिखल होता, आणि त्या चिखलाला तळ कुठे आहे हे कोणीच मोजले नव्हते, मोजता आलेही नसते. दगडाच्या भाराने चिखल बाजूला सरकत होता आणि दगड आत जात होता. घनफळाचे गणित बरोबर होते. पेटीवरून धरलेली तूट बरोबर होती. फक्त जो खड्डा आम्ही भरीत होतो तो आमच्या भरण्यानेच खोल होत होता.

"टाकत राहा," ओव्हरसियर म्हणाला. "कुठे तरी धरेल."

टाकीत राहिलो. उघड्यावरची रास संपली. पुस्तीला टेकलेली रास संपली. पुस्तीवर तिचा पांढुरका डाग तेवढा उरला. दगड पुन्हा पाण्याच्या पातळीला आले, थोडे वर आले, आणि थांबले. आता आणखी थोडे हवे होते, एवढेच. भरती लागायला फार अवकाश नव्हता.

सगळ्यांच्या नजरा राखणदाराकडे गेल्या आणि मग माझ्याकडे आल्या.

"भटजी, तुम्ही सांगा," दादा म्हणाला.

मी सांगू शकत नव्हतो. देवाला दिलेले परत मागायचे तर देवाला विचारावे लागते. राखणदाराची पूजा करणाऱ्या गुरवाला पुढे बोलावले. त्याने राखणदाराच्या दगडाला पाणी घातले, ओल्या दगडावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि कौल लावला. उजवी पाकळी पडली तर देवाची संमती. गुरवाने गाऱ्हाणे घातले: "बाबा, तुझाच बांध, तुझीच खडी. लेकरावर वेळ आलीय. दे म्हंशील तर उजवा दे." सारे गाव दगडाभोवती उभे होते. ओव्हरसियरही बूट काढून उभा होता. नाखवा थोडा दूर, पण टोपी नीट करून.

उजवी पाकळी पडली. लगेच पडली, वाट पाहावी लागली नाही.

देवाच्या वाट्याची खडी दादाच्या बायकोने पहिल्या घमेल्यात भरली. या वेळी ती मोजणी म्हणाली नाही. तो ढीग मी मोजला नव्हता आणि आजही त्याचा अंदाज करावासा वाटत नाही. तो सगळा खांडीत गेला. मी तांब्यातले तीर्थ वरून सोडले. दगडांची ओळ पाण्याच्या वर उभी राहिली, या काठापासून त्या काठापर्यंत, अखंड. नाखवा पुटपुटला, "अल्ला मेहरबान." बायका मातीची ढेकळे घेऊन धावल्या.

ती ओळ काही काळ तशीच राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण तेवढा वेळ मी डोळे मिटून जप करीत होतो. डोळे उघडले तेव्हा मधले दगड दिसत नव्हते. दादा तिथे कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि हातातले मातीचे ढेकूळ कुठे ठेवावे ते त्याला कळत नव्हते. भरती लागली होती. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी शेतात चालले होते, घाई न करता.

"दादा, बाहेर या," ओव्हरसियर ओरडला.

दादा बाहेर आला. ढेकूळ त्याने राखणदाराच्या पायाशी ठेवले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "देवाची खडीपन गेली, भटजी. त्यानं तर व्हय म्हनलं होतं."

मी त्याला काय सांगायला हवे होते? शास्त्रात याची उत्तरे आहेत आणि ती मला पाठ होती. संमती म्हणजे फळ नव्हे. देणे हे देणाऱ्याचे, फळ त्याच्या हाती नाही. यातले एकही वाक्य त्या ओल्या माणसासमोर माझ्या तोंडून निघाले नाही. मी माझे उपरणे त्याच्या खांद्यावर टाकले. पाण्याने ते लगेच जड झाले, आणि तेही त्याला नकोसे झाले असावे.

ओव्हरसियर म्हणाला, "मी आणखी खडी मागतो. आजच लिहितो." नाखव्याने मान हलवली. "साहेब, आता दर्या खवळणार. मचवा वर ओढायची वेळ आली. नारळी पुनवेपर्यंत न्हाय यायचो मी." हे त्याने वाईट वाटून सांगितले, पण सांगितले. पुढच्या उधाणाला बांधाचा आणखी भाग गेला. मग पाऊस आला, आणि त्याचे गोडे पाणी खांडीतून खाडीत वाहून गेले.

त्या वर्षी देवाच्या नवान्नाला तांदूळ वरच्या आळीतून आला. देवाने तो घेतला. वास मात्र वेगळा होता.

नारळी पौर्णिमेनंतर मचवा आला तेव्हा नाखव्याने दादाला आपल्या मचव्यावर घेतले. पुढची वर्षे दादा खडी वाहत राहिला. त्या काळात सगळीकडे रस्ते होत होते, मुरुडला, श्रीवर्धनला, म्हसळ्याला, आणि सगळ्यांना खडी हवी होती. मचवा आमच्या काठावरून जाई तेव्हा तो उभा राहून हाक मारी, "भटजी, किती भरलंय?" मी उघड्या फळ्या पाहून सांगे, इतक्या खंडी. तो नेहमी म्हणे, "बरोबर." खरोखर बरोबर असे की नाही, हे मी कधी विचारले नाही.

खांड सरकारने दोन उन्हाळ्यांनंतर बुजवली. लाकडी खांब ठोकून, तळापासून मातीचे थर देऊन, पुष्कळ माणसे आणि पुष्कळ दिवस लावून. तो ओव्हरसियर तेव्हा बदलून गेला होता. बांध उभा राहिला. अजून उभा आहे. परंतु जमीन लगेच बरी होत नाही. आत शिरलेले मीठ पावसाने थोडे थोडे धुवावे लागते.

म्हणून दादा दर वर्षी श्रावणात, मचवा वर ओढलेला असताना, आपल्या शेतात येई. मलाही बोलावी. शेतात लव्हाळ्याशिवाय काही नसे. तो मध्यभागी जाऊन वाकून मातीचा एक खडा उचली, जिभेवर ठेवी, डोळे बारीक करी आणि थुंकून म्हणे, "अजून न्हाय."

एका वर्षी त्याने अर्धा खडा माझ्यापुढे धरला. त्याचे केस तोवर पिकले होते.

"तुम्ही बघा, भटजी. तुम्ही न मोजता सांगता. ह्यात किती मीठ राह्यलं असंल? किती पाऊस लागंल अजून?"

मी पूजेहून आलो होतो, अंगावर सोवळे होते. मी खडा घेतला आणि जिभेवर ठेवला. माती थंड होती. आधी नुसतीच माती लागली, आणि क्षणभर मला वाटले की आपण त्याला आनंदाची गोष्ट सांगणार. मग जिभेच्या मागच्या बाजूला मीठ आले. किती होते, ते मला सांगता येईना. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. राशीला घेर असतो, उंची असते. याला दोन्ही नव्हते.

"थोडं आहे," मी म्हणालो.

"थोडं म्हंजे?"

मग त्याने उरलेला खडा जिथून उचलला होता तिथेच ठेवला, पायाने दाबला आणि म्हणाला, "चला. पाऊस येतोय."

आम्ही बांधावर चढेपर्यंत सर आली. तो राखणदाराशी थांबला, भिजत उभा राहिला आणि शेतावर पडणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिला. मीही त्याच्याजवळ उभा राहिलो, मातीची चव तोंडात तशीच ठेवून.